अण्णा, अंकल आणि टोनी बेनेट

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत दोन गळे होते. एक खरा आणि एक तबकडीवरचा. दुसऱ्या मजल्यावर आमचे वडील, म्हणजे अण्णा, कचेरीतून आले, हातपाय धुऊन चहा झाला की पेटी पुढ्यात ओढायचे आणि नाट्यपदं म्हणायचे. आणि बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, गोव्याचे एक अंकल राहायचे. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणं हा त्यांचा व्यवसाय. मुंबईच्या स्टुडिओंतून तेव्हा अशी कितीतरी गोव्याची माणसं नोटेशन समोर ठेवून हिंदी गाणी वाजवत. गाण्यावर नाव कुणाचं लागतं, याची त्यांना फारशी फिकीर नसे.

रविवारी चर्चहून परत आले की अंकल रेकॉर्ड प्लेअर लावत. त्यातला एक आवाज मला सात-आठ वर्षांचा असल्यापासून ओळखीचा झाला. जरासा खरबरीत, किंचित घोगरा, पण शेवटच्या सुराला असा काही उघडायचा की गॅलरीतली कबुतरंसुद्धा दचकावीत. इंग्रजी कळायचं माझं वय नव्हतं. मी अर्थ विचारला, तर अंकल म्हणाले, ‘‘अरे बाबा, एक माणूस गाव सोडून लांब गेला. पण काळीज तिथंच ठेवून आला. आमचं गोंयकारांचं असतं ना, तसंच.’’ गाव होतं सॅन फ्रान्सिस्को आणि गाणारा होता टोनी बेनेट.

अंकल अण्णांना चांगले ओळखून होते. मला एकदा म्हणाले, ‘‘तुझा पप्पा शब्द गातो. टोनीपण शब्द गातो. बाकीचे नुसता आवाज दाखवतात.’’ अण्णांनी एकदा वर जाऊन ती तबकडी ऐकली. पाश्चात्त्य संगीत म्हणजे आरडाओरडा, असं मानणारी त्यांची पिढी. पण खाली येताना जिन्यात एवढंच म्हणाले, ‘‘माणूस खोटं गात नाही.’’ आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला मला थोडी लाजच वाटते.

२०१८ सालची गोष्ट. एव्हाना चाळ सुटून आम्हाला डोंबिवलीला येऊन पुष्कळ वर्षं झाली होती. अण्णा शहाऐंशीचे. स्मरणशक्तीनं दोन-तीन वर्षांपासून दगा द्यायला सुरुवात केली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवण झालं की नाही ते, आणि पुढे माझं नाव. गणपतीच्या आधी सोसायटीची मुलं आली. ‘‘काका, या वर्षी आजोबांचं एखादं पद ठेवू या?’’ चाळीत असल्यापासून अण्णा दर गणपतीत गात. मी क्षणभरही विचार न करता ‘नको’ म्हटलं. अर्ध्यावर थांबले, शब्द विसरले, कुणी हसलं तर? शिवाय माझ्या मनात अण्णांचंच एक वाक्य होतं. तरुणपणी त्यांनी थकलेले बालगंधर्व पाहिले होते. ज्या देवाला पूजलं त्याला तसं पाहून अण्णा नाटक संपायच्या आत उठून आले होते, आणि त्यांचं म्हणणं होतं, ‘‘वेळेवर थांबायला हवं होतं.’’ माझ्या नकाराला असा घरचाच आधार मिळाला.

त्या संध्याकाळी मंडपात पहिल्या रांगेत अण्णांची खुर्ची होती. मुलं कराओकेवर गात होती. अण्णांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. २०२० च्या जानेवारीत ते गेले.

पुढल्या वर्षी, २०२१ च्या डिसेंबरात, मुलीनं लॅपटॉपवर एक कार्यक्रम लावून दिला. ‘‘बाबा, तुमचा तो टोनी बेनेट.’’ न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये त्या ऑगस्टच्या ३ आणि ५ तारखेला झालेल्या दोन मैफलींचं ते चित्रण. ३ ऑगस्टला बेनेटनं पंच्याण्णव पूर्ण केली होती. आणि त्याला अल्झायमर होता.

मी ते पुरतं पाहू शकलो नाही. एका बैठकीत तर नाहीच. मधल्या काळात या माणसाबद्दल जमेल तेवढं वाचून काढलं, जुनी रेकॉर्डिंगं ऐकली. मला खरं तर एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्याच्या घरच्यांनी ‘हो’ कसं म्हटलं?

त्याचं खरं नाव अँथनी डॉमिनिक बेनेडेटो. जन्म ३ ऑगस्ट १९२६, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं अ‍ॅस्टोरिया. वडील इटलीच्या दक्षिण टोकाच्या कॅलेब्रियातून आलेले, किराणा दुकान चालवणारे, कायम आजारी. पोरगा दहा वर्षांचा असताना ते वारले. त्याच साली, १९३६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ट्रायबरो पुलाच्या उद्घाटनाला महापौर ला गार्डिया यांच्या शेजारी उभं राहून हा मुलगा गायला. वडील गेल्यावर तीन मुलांचा भार आईवर. ती कपडे शिवायची, नगावर पैसे. रात्री घरीही काम आणायची. बेनेट पुढे आयुष्यभर एक आठवण सांगत असे. आई मध्येच एखादा झगा बाजूला भिरकावून द्यायची. कापड किंवा बेत हलका वाटला की ती त्याला हात लावत नसे. नगावर पोट असलेली बाई, आणि काम नाकारते! आपण वाईट गाणं का गात नाही, असं कुणी विचारलं की तो हा झगा पुढे करी.

ही गोष्ट मला त्याच्या चरित्राची किल्ली वाटते, म्हणून ती जरा लांबवली.

शाळा अर्धवट सुटली, इटालियन हॉटेलांत गाणारा वेटर म्हणून काम केलं, आणि १९४४ मध्ये सैन्यात भरती झाली. थेट जर्मनीच्या आघाडीवर. लांड्सबर्गजवळची एक छळछावणी मुक्त करणाऱ्या तुकडीत तो होता. युद्ध संपल्यावरचा एक प्रसंग मात्र कमी लोकांना ठाऊक असेल. १९४५ मध्ये मानहाइम शहरात त्याला न्यूयॉर्कच्या शाळेतला जुना मित्र भेटला. मित्र कृष्णवर्णीय. थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघं एकत्र जेवायला बसले. अमेरिकन सैन्यात तेव्हा गोऱ्या-काळ्यांच्या पंगती वेगळ्या. एका अधिकाऱ्यानं बेनेटच्या बाहीवरची कॉर्पोरलची पट्टी तिथल्या तिथे कापून टाकली आणि मृत सैनिकांचे देह उकरून पुन्हा पुरण्याच्या कामावर त्याची रवानगी केली. पंक्तिभेद आपल्याला काही नवा नाही. पण हिटलरशी लढून आलेल्या सैन्यातला हा पंक्तिभेद वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. वीस वर्षांनी, १९६५ मध्ये, हॅरी बेलाफोंटेच्या बोलावण्यावरून बेनेट सेल्माच्या नागरी हक्क मोर्चात सामील झाला, त्याची पाळंमुळं त्या जेवणात असावीत.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी सरकारनं शिक्षणाची सोय केली होती. तिचा फायदा घेऊन तो गाणं शिकला, आणि शिकला ते ‘बेल कान्तो’. ही जुनी इटालियन गायकी म्हणजे श्वास, पट्टी आणि आवाजाची फेक यांची तालीम. आपल्याकडच्या खर्जाच्या मेहनतीची ही लांबची मावसबहीण म्हणायला हरकत नाही. तिथल्या मिरियम स्पीअर या शिक्षिकेनं त्याला एक अजब सल्ला दिला. दुसऱ्या गायकांची नक्कल करू नकोस, वाद्य वाजवणाऱ्यांची कर. मग तो आर्ट टॅटमचा पियानो ऐकून वाक्य कसं टाकायचं ते गिरवू लागला. अंकलना हे ठाऊक असतं तर तीन मजले ऐकू जाईल एवढे हसले असते.

रियाझ मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. नाव झालं, पैसा आला, तरी सरगमीचे ते धडे चालूच. म्हणूनच ऐंशी ओलांडल्यावरही तो भर मैफलीत मायक्रोफोन बाजूला ठेवायचा आणि चंद्रावर जाण्याचं ते प्रसिद्ध गाणं मोकळ्या गळ्यानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. आमच्या चाळीच्या चौकात अण्णाही बिनमाईकचेच गात. दोघांची घराणी कुठे जुळत होती, ते मला आता कळतं.

१९४९ मध्ये पर्ल बेलीनं त्याला आपल्या कार्यक्रमात संधी दिली. तिथे विनोदवीर बॉब होपनं त्याला ऐकलं, तेव्हा वापरात असलेलं ‘जो बारी’ हे नाव मोडीत काढलं आणि मूळ नावाला कात्री लावून ‘टोनी बेनेट’ केलं. १९५० मध्ये कोलंबिया कंपनीचा करार झाला आणि १९५१ मध्ये ‘बिकॉज ऑफ यू’ अमेरिकेत अव्वल क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं, तर चर्चबाहेर शेकडो पोरी शोक म्हणून काळे कपडे घालून उभ्या! पण पोरी जमवणारा गोडगोड गायक एवढ्यावर थांबायला तो तयार नव्हता. आर्ट ब्लेकी, जो जोन्स अशा जॅझच्या तबलजींना, म्हणजे ड्रमवाल्यांना, जमवून त्यानं १९५७ मध्ये फक्त तालाभोवती फिरणारी एक तबकडी काढली. मग काउंट बेसीच्या वाद्यवृंदाबरोबर गायला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गाण्याची हकीकत तर सिनेमात शोभावी. दोन अपरिचित संगीतकारांनी लिहिलेला त्या गाण्याचा कागद बेनेटचा पियानोवादक राल्फ शॅरन यानं एका खणात टाकून ठेवला होता आणि विसरला होता. दौऱ्यासाठी सामान भरताना कपड्यांखाली तो हाती लागला. एका रिकाम्या बारमध्ये दोघं तालीम करत होते, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, ही रेकॉर्ड निघाली तर पहिली मी घेईन. डिसेंबर १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलात ते प्रथम गायलं गेलं, आणि १९६२ मध्ये तबकडीच्या मागच्या बाजूला छापलं गेलं. मागच्या बाजूला! लोकांनी तबकडी उलटली आणि मग साठ वर्षं ती तशीच उलटी राहिली. १९६५ मध्ये फ्रँक सिनात्रानं ‘लाइफ’ मासिकात जाहीर सांगितलं की या धंद्यातला सर्वोत्तम गायक बेनेटच आहे.

मग वाईट दिवस आले. बीटल्स आले, रॉक आलं, कंपन्यांची गणितं बदलली. कंपनीनं त्याला चालू फॅशनची गाणी गायला लावलं. १९७० मध्ये तशी एक तबकडी निघालीही. त्या रेकॉर्डिंगच्या आधी आपल्याला उलटी झाली, असं त्यानं पुढे सांगितलं आहे. आईचा तो झगा या वेळी बाजूला फेकता आला नव्हता. दोनेक वर्षांत त्यानं कंपनी सोडली, स्वतःची छोटी कंपनी काढली. पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर १९७५ आणि १९७७ मध्ये दोन तबकड्या केल्या. फक्त एक पियानो आणि एक गळा, तिसरं कुणी नाही. माझ्या मते त्याचं सर्वांत उंच काम हेच. खप यथातथाच. छोटी कंपनी बुडाली, करवसुलीवाले घरापर्यंत आले, कोकेनचा नाद लागला आणि १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या घरात त्याच नादानं तो मरता मरता वाचला.

तेव्हा त्यानं मुलाला, डॅनीला, फोन केला. डॅनीचा स्वतःचा बँड चालला नव्हता, पण हिशेब आणि व्यवहार उत्तम कळत होता. त्यानं बापाची सगळी सूत्रं हाती घेतली. त्याचं शहाणपण असं की बापाला बदलायचं नाही, ऐकणारे बदलायचे. तोच सूट, तीच गाणी, तोच पियानो, पण नव्या पोरांपुढे. १९८६ मध्ये कोलंबिया कंपनीकडे सन्मानानं परत. आणि १९९४ मध्ये थेट एमटीव्हीवर. ज्या वाहिनीवर आमची मुलं केस पिंजारलेली पोरं बघायची, तिथे सदुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ टाय लावून जुनी गाणी गायला. त्या रेकॉर्डिंगला १९९५ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

उरलेली यादी देत बसत नाही. तो बेनेडेटो या खऱ्या नावानं चित्रं काढायचा. २००१ मध्ये त्यानं आणि पत्नी सुझननं अ‍ॅस्टोरियाच्याच परिसरात कलांची एक सार्वजनिक शाळा उभी केली आणि तिला नाव दिलं सिनात्राचं, स्वतःचं नाही. मार्च २०११ मध्ये लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत तो एमी वाइनहाउसबरोबर गायला. ती घाबरलेली, स्वतःवर चिडणारी, आणि हा चौऱ्याऐंशीचा म्हातारा तिला पुन्हा पुन्हा सावरून घेतोय. चार महिन्यांनी ती गेली, अवघी सत्तावीस वर्षांची. ते चित्रण आजही पाहायला मिळतं. ज्यांना नव्या पिढीशी कसं वागावं असा प्रश्न पडतो त्यांनी जरूर पाहावं. त्याच वर्षी द्वंद्वगीतांचा त्याचा अल्बम अमेरिकेत पहिला आला, तेव्हा तो पंच्याऐंशीचा होता. २०१४ मध्ये लेडी गागाबरोबरचा अल्बमही पहिला आला.

अल्झायमरचं निदान झालं २०१६ मध्ये. निदान करणाऱ्या न्यूयॉर्कच्या डॉक्टर बाईंचं नाव गायत्री देवी. घरच्यांनी ते जगापासून लपवलं, आणि इथेच माझा प्रश्न येतो. घरच्यांनी डॉक्टरांना विचारलं असणार. डॉक्टरांचं सांगणं होतं, जोवर त्यांना आनंद मिळतोय तोवर त्यांना गाऊ द्या, रंगमंचावर जाऊ द्या. मी मात्र अण्णांच्या डॉक्टरांना गोळ्यांची वेळ विचारली, पथ्य विचारलं, रात्री झोपत नाहीत म्हणून तक्रार केली. गाण्याबद्दल विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

आठवड्यातून दोनदा पियानोवाला त्याच्या घरी येई आणि दीड तासाची सगळी मैफल ते दोघं म्हणून घेत. २०१८ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंत गागाबरोबर कोल पोर्टरच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं. त्या चित्रणात एके ठिकाणी बेनेट एकटाच गातोय, पलीकडे उभी गागा त्याच्याकडे पाहतेय आणि तोंड हातात लपवून रडू लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कुटुंबानं आजार जाहीर केला. अल्बम यायचा होता आणि तो मुलाखती देऊ शकत नव्हता, हे एक कारण. इथे एक शंका माझ्याही मनात आली, ती दडवत नाही. हा सगळा बाजाराचा खेळ तर नव्हता? आजारी म्हाताऱ्याला शेवटपर्यंत जुंपून ठेवलं का? असं विचारणारे तेव्हाही होते आणि त्यांचं विचारणं मला गैर वाटत नाही. ज्याला कालचं आठवत नाही, त्याची संमती तरी कशी घ्यायची?

म्हणून ते रेडिओ सिटीचं चित्रण मी तिसऱ्यांदा लावलं, आणि या वेळी शेवटपर्यंत पाहिलं. तो बाहेर येतो, पियानोच्या आधारानं उभा राहतो. समोर टाळ्यांचा कडकडाट. बोलणं जवळजवळ नाहीच. पण पहिला सूर वाजतो आणि चेहरा बदलतो. म्हणजे खरोखर बदलतो, दिवा लागल्यासारखा. शब्द चुकत नाहीत. श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द मागे ठेवायचा, सगळं जागच्या जागी. हात पसरून तो शेवटचा सूर उघडतो, तोच, कबुतरं उडवणारा. मध्ये गागा रंगमंचावर येते तेव्हा तो तिचं नाव घेऊन ओरडतो. बऱ्याच दिवसांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, असं तिनं नंतर एका मुलाखतीत सांगितलं. आणि कार्यक्रम संपताना ती त्याला आदरानं विनंती करते की तुम्हाला आत घेऊन जाण्याचा मान मला मिळू द्या. मग दोघं बरोबरच आत जातात.

नंतर आठवडाभरातच डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुढचे सगळे कार्यक्रम रद्द झाले. प्रवासाची दगदग आणि पडण्याची भीती. गाण्याची भीती कुणालाच नव्हती.

अण्णांचं बालगंधर्वांबद्दलचं मत चूक होतं, असं मी म्हणणार नाही. थकलेल्या कलावंताला पाहून रसिकाला त्रास होतो, तो खरा असतो. पण तो त्रास रसिकाचा. गाणाऱ्याचं काय होत होतं ते अण्णांनी पाहिलं नाही, कारण ते उठून आले होते. आणि मी तर त्याहून पुढचा. मी पडदाच उघडू दिला नाही. हसलं असतं कोण? सोसायटीत सगळी ओळखीचीच माणसं. लाज वाटली असती ती मला.

टोनी बेनेट २१ जुलै २०२३ ला गेला, सत्त्याण्णवाव्या वाढदिवसाच्या दोन आठवडे अलीकडे. शेवटपर्यंत घरी पियानोशी बसून गात होता, असं त्याच्या निधनाच्या बातमीबरोबर कुटुंबानं सांगितलं. अखेरचं गाणं होतं ‘बिकॉज ऑफ यू’, १९५१ सालचं.

बातमी वाचली त्या रात्री मी माळ्यावरून अण्णांची पेटी काढली. भाता फाटलाय, हवा धरत नाही. मला पद एकही येत नाही. अण्णांची पट्टी काळी दोन, एवढं मात्र ठाऊक आहे. ती दाबून बसलो. आत झोपलेल्या हिनं विचारलं, ‘‘काय वाजतंय?’’